प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत

कर्वेनगरातली ही खोली मला मिळाली ती खोटं बोलून.

खोली म्हणजे एका बैठ्या बंगल्यावर मागाहून चढवलेला मजला. एक खोली, एक ओटा, न्हाणी, आणि बाहेरून वर येणारा लोखंडी जिना. खाली मालकीणबाई एकट्याच राहायच्या. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा बंगळुरूला. मी त्यांना काकू म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच उभं करून प्रश्न विचारले. गाव कुठलं, नोकरी कुठे, लग्न कधी करणार, आणि शेवटी, "अंडं चालतं का तुमच्यात?"

त्याआधी मी सात खोल्या बघितल्या होत्या. अंड्याचा प्रश्न नुसता अंड्याचा नसतो, हे पुण्यात खोली शोधलेल्या माझ्यासारख्या कुणालाही विचारा. मी म्हणाले, "नाही. आमच्या घरात कुणीच खात नाही."

एरवी मी खोटं बोलत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते, हेही सांगते. हिंजवडीच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकीने डबा खाताना विचारलं, "तुझे फादर काय करायचे गं?" मी म्हटलं, "पोती उचलायचे," आणि पुढचा घास घेतला. पण त्या दिवशी काकूंच्या दारात मला माझी आई सांगता आली नाही. माझी आई यवतमाळकडच्या आमच्या गावात कोंबड्या पाळते आणि बाजाराच्या दिवशी टोपलीत भुसा घालून अंडी विकते. माझी परीक्षेची फी दर वेळी त्या टोपलीतून आली.

काकूंनी अकरा महिन्यांचा करार लाल पेनाने तपासून माझ्या हातात दिला. दोन ठिकाणी वकिलाच्याच चुका काढल्या होत्या. सातवं कलम होतं, सदर जागेत मांस, मच्छी व अंडी शिजविण्यास मनाई. मी सगळी पानं वाचली आणि मगच सही केली. काकू म्हणाल्या, "वाचलंस? माझ्याकडे आजवर पाच भाडेकरू झाले. वाचणारी तू पहिली."

ते कलम मी सहा वर्षं पाळलं. शुक्रवारी कंपनीची बस उतरवून गेली की कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्याने भुर्जी-पाव खायचा, वरून मूठभर बडीशेप चघळायची, आणि मगच लोखंडी जिना चढायचा. खोटं बोलले होते एकदाच, पण ते रोज माझ्याबरोबर जिना चढून वर यायचं.

शुक्रवारी त्या भुर्जीवाल्याला "तिखट कमी" म्हटलं की त्यानंतर रविवारी अकरा वाजेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. ऑफिसातल्या बहुतेकजणी वाकड-हिंजवडीकडे राहायच्या. कॉलेजच्या मैत्रिणींची लग्नं होऊन त्या आपापल्या संसारात गेल्या होत्या. कुणाला फोन करून "येऊ का?" असं विचारणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारी मी कपडे धुवायचे, फरशी पुसायची, आणि संध्याकाळी पुसलेलीच फरशी परत पुसायची.

रविवारी अकराला काकू जिन्याच्या कठड्यावर उलथनं वाजवायच्या. दोनदा. मी खाली जायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा घ्यायचे. त्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या, मी नद्यांची आणि राजधान्यांची नावं पुरवायचे. पेन त्यांच्याकडेच. अर्ध्या तासाने चष्मा काढून म्हणायच्या, "बरं, तुला कामं असतील." मला कामं नसायची. मी म्हणायचे, "हो, आहेत ना," आणि वर यायचे.

या वर्षी फेब्रुवारीत काकू न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. हाड जुळलं, पण बाई वाळत चालल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डाळीने पोट फुगायचं, पनीर नको व्हायचं, डॉक्टरांनी दिलेली पावडर त्यांनी दोन दिवस घेतली आणि तिसऱ्या दिवशी तुळशीत ओतली.

एप्रिलच्या सुरुवातीला मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन मीच धरून उभी होते. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, अंडी खा. मेअखेर वजन वाढलं नाही तर मी येऊन तुला इकडे घेऊन जाणार. घर बंद. मी काही ऐकणार नाही."

"अंडं? या घरात?" काकूंचा आवाज चढला. "तुझ्या वडिलांच्या फोटोसमोर बोलतोयस हे. बंद कर गं तो फोन."

मी फोन बंद केला. घर बंद म्हणजे माझी खोलीही बंद, हे माझ्या लक्षात आलं होतं; पण खरं सांगायचं तर खोलीचं मला तितकं वाटलं नाही. खोल्या मिळतात. कठड्यावर उलथनं वाजवणारं माणूस मिळत नाही.

काकू थोडा वेळ फोटोकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दार लावून घे."

मी लावलं.

"खिडकी पण."

तीही लावली.

"मला इथून जायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "तिकडे सून चांगली आहे. पण नवव्या मजल्यावर राहतात. माणसं नुसती लिफ्टमध्ये भेटतात." मग आवाज आणखी खाली आणून, "ते अंड्याचं काहीतरी भाज्या घालून भाजतात ना ओव्हनमध्ये? मी टीव्हीवर बघितलंय. वडीसारखं कापतात. तसलं काही जमेल? अंडं दिसता कामा नये, त्याचा वास येता कामा नये, आणि अंडं खातोय असं वाटता कामा नये."

"मग अंडं घालायचं कशाला, काकू?"

"डॉक्टरांसाठी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा पडला. "तुझ्याकडून हे करून घ्यायचं मला बरं नाही वाटत. तुमच्यातही चालत नाही. माझ्यापायी तुझे हात विटाळायचे. पण मला ओट्याशी उभं राहवत नाही, आणि शेजारच्यांना सांगितलं तर उद्या सगळ्या गल्लीत होईल." आणि उशीखालून त्यांनी एक पाकीट काढलं. पिवळे रबरी हातमोजे. कामवाल्या मावशींकडून माझ्यासाठी आणवलेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हातमोजे मांडीवर घेऊन मी बसले होते, समोर ही बाई माझे हात विटाळतील म्हणून ओशाळली होती, आणि हे हात सातव्या वर्षापासून अंडी पुसून टोपलीत रचत आलेले. तोंडापर्यंत आलं होतं. पण सहा वर्षांचं खोटं असं एका वाक्यात कसं मागे घ्यायचं, हे मला कुठल्याही कॉलेजने शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "असू द्या, काकू. मोजे घालीन."

दिवस ठरवायला बसलो. गुरुवारी नाही, एकादशीला नाही. काकूंनी कॅलेंडर मागितलं आणि म्हणाल्या, "या रविवारी एकादशी आहे. पुढच्या रविवारी. अकराला."

"अकराला म्हणजे ब्रंचच झाला, काकू."

"काय?"

"ब्रंच. न्याहारीही नाही आणि जेवणही नाही, त्याच्या मधलं."

"पुण्यात त्याला स्वयंपाकाला उशीर झाला म्हणतात."

पदार्थाचं नाव फ्रिटाटा असंही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव घेऊच नकोस, नावानेच पचणार नाही." शेवटपर्यंत त्या त्याला 'तो पदार्थ' म्हणत राहिल्या.

ओव्हन त्यांच्याकडे होता. गोल, ॲल्युमिनिअमचा, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. मुलगा शाळेत असताना त्यात नानकटाई व्हायची. मी तो माळ्यावरून काढला, घासला. त्याचा तीन पिनांचा जाड प्लग फक्त खालच्या स्वयंपाकघरात एका जागी बसायचा, म्हणून करायचं ते काकूंच्या डोळ्यांसमोरच करायचं होतं. केकचा एक जुना डबा त्यांनी 'त्या कामासाठी' वेगळा काढून दिला.

त्या रविवारी सकाळी मी बस पकडून मंडईत गेले. कोपऱ्यावर भाजी मिळते, पण मला दिवस लांबवायचा होता. पालकाची एक जुडी, दोन ढोबळ्या मिरच्या, गाजरं, कांद्याची पात. भाजीवालीने विचारलं, "पाहुणे आहेत का ताई?" मी म्हटलं, "आहेत." पाहुणी मीच होते, पण तेवढं बरं वाटलं.

अंडी मावशी आणणार होत्या, त्यांच्या गावाहून. त्यांचं गाव शहराच्या कडेला, अजून कोंबड्या फिरतात असं. त्यांनी पदराखालून कापडी पिशवी काढून ओट्यावर ठेवली. "गावठी हायेत. ताजी हायेत समदी, कालचीच." आणि काकूंकडे न बघता निघून गेल्या, जणू काही आणलंच नव्हतं.

मी पिशवीत डोकावले. नऊ अंडी. एप्रिलचा उन्हाळा. मला तिथेच कळायला हवं होतं; कळलंही. उन्हाळ्यात कोंबडी खुराडं सोडून कुठेतरी आडोशाला, काटक्यांत, गवताच्या पेंढ्यांमागे अंडी घालते. ते अंडं सापडतं तेव्हा ते कालचं की पंधरा दिवसांपूर्वीचं, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून माझी आई प्रत्येक अंडं आधी पाण्यात सोडून बघते. तळाशी आडवं झोपलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकायचं. आणि तरीही फोडताना प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडते. वाटीतलं नीट बघते, मगच ते भांड्यात. आमच्याकडे अंडं थेट भांड्यात फोडणाऱ्या पोरीला एवढंच ऐकावं लागतं, "एकानं साऱ्यायचा नास करशीन."

पण काकू खुर्चीवर बसून बघत होत्या. अंड्याला कधी हात न लावलेली मुलगी अंडी पाण्यात सोडून कशी बघेल? मी मोजे चढवले. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. व्हिडिओतली बाई काचेच्या भांड्यात अंडी फटाफट फोडत होती, तिची अंडी पांढरीशुभ्र, कारखान्यातून निघाल्यासारखी. मी पालक चिरून, मीठ लावून, पिळून घेतला. गाजर किसलं, मिरच्या आणि पात बारीक चिरली. सगळं मोठ्या भांड्यात घातलं. काकू म्हणाल्या, "हिंग घाल. वास मारतो." हिंग घातला. वाटीभर दूध घातलं, मिरपूड घातली.

मग अंडी. मुद्दाम घाबरत, मुद्दाम कवच आत पाडत फोडू लागले.

"असं फोडतात होय?" काकूंनी विचारलं.

"व्हिडिओत असंच दाखवलंय."

"सगळं कवच आत पडतंय. नको असेल तर राहू दे."

"नाही, जमतंय."

पाच अंडी झाली. सहावं हातात घेतलं तेव्हा ते हलकं लागलं. हे मी आज लिहितेय म्हणून सुचलेलं नाही. मोज्यातूनही मला ते हलकं लागलं होतं. ओट्यावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, दुधाची रिकामी वाटी होती. मी ते भांड्याच्या काठावर आपटलं आणि थेट आत सोडलं.

करडं, हिरवट पाणी भाजीवर पसरलं आणि त्यामागून वास आला. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळणार नाही. बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात तो भिंतींना चिकटला. काकू वॉकर ओढत उठल्या, न्हाणीपर्यंत पोचू शकल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं अंडं ते.

मी सगळं पुसलं, धुतलं, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर झालं. नको तिथे जायला निघाले होते. देवानेच सांगितलं." मग तशाच पाठमोऱ्या, "तुला किती त्रास झाला असेल. तू जा वर, आंघोळ कर."

वर येऊन मी आंघोळ केली नाही. आईला फोन लावला. दर रविवारी लावते, पण संध्याकाळी. तिने लगेच विचारलं, "काय झालं व? दुपारचा फोन केला."

मी सगळं सांगितलं.

"वाटीत फोडलं नाही काय?"

"नाही."

"पाण्यात टाकून पाह्यलं नाही?"

"नाही."

"तुले तं येते ना सारं. मंग?"

आई अंगठा उठवून मोठी झालेली बाई आहे, पण तिला हिशेब लगेच कळतात. ती म्हणाली, "मी अंडे इकतो हे सांगतलं नाही तू तिले."

"आई, खोली मिळत नव्हती गं..."

"सा वर्स झाले नं खोलीले."

पलीकडे कोंबड्या आवाज करत होत्या. आई म्हणाली, "बरं, जाऊ दे. तिकडं ऊन लय हाये काय?" आणि मग आम्ही उन्हाबद्दल बोललो. ती चिडली असती तर बरं झालं असतं. हमालाची पोर म्हणून जी मान ताठ ठेवून मी गावभर हिंडले, ती मान आईच्या बाबतीत मी सहा वर्षं खाली घातली होती, आणि तिने मला ऊन विचारलं.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर मी वर न जाता आधी काकूंच्या दारात गेले. पहिल्या दिवशी उभी होते तिथेच उभी राहिले.

"काकू, मी खोटं बोलले होते. आमच्या घरी अंडं चालतं. माझी आई कोंबड्या पाळते, अंडी विकते. मी लहानपणापासून तिच्याबरोबर बाजारात बसलेय. मी दर शुक्रवारी गाडीवर भुर्जी खाते. तुमच्या घरात कधी शिजवलं नाही, एवढंच खरं."

काकूंनी चष्मा काढला. त्या अंड्याबद्दल बोलतील, जातीबद्दल बोलतील, करार काढतील, याची मी तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे रविवारचं ते खराब आहे, हे तुला ओळखता आलं असतं."

"हो."

"ओळखलंस?"

"हातात घेतल्यावर. हो."

"आणि तरी टाकलंस."

"हो."

त्यांनी हातातला चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवलं मी. न येणाऱ्याला शून्य द्यायचे. येत असून न लिहिणाऱ्याला शून्याच्या खाली द्यायची सोय शाळेत नव्हती, नाहीतर दिले असते."

"द्या आता."

"आता काय देऊ?" त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "रविवारीच मुलाला सांगितलं मी. ये, घेऊन जा म्हटलं. मला काही इथे जमत नाही."

मी दारातच उभी होते. त्यांनी चष्मा परत लावला. "आत ये. दारात काय उभी राहतेस भिकाऱ्यासारखी. रविवारी नीट कर. तुझ्या आईसारखं."

त्या रविवारी मी मोजे घातले नाहीत. पातेल्यात पाणी घेऊन अंडी सोडली. आठपैकी एक तरंगलं, ते कागदात गुंडाळून बाहेर टाकून आले. मोबाइलच्या उजेडासमोर एकेक अंडं धरून काकूंना दाखवलं. त्यांनी ते आपल्या हातात घेतलं. पहिल्यांदाच. "ही वरची पोकळी कसली?"

"हवा असते. जितकं जुनं, तितकी मोठी."

"समप्रमाण," त्या म्हणाल्या आणि पुढचं अंडं मागितलं. सगळी तपासून झाल्यावर पहिलं परत मागितलं, खात्री करायला.

मग वाटी. एक अंडं वाटीत, बघितलं, भांड्यात. दुसरं वाटीत, बघितलं, भांड्यात. काकू प्रत्येक वेळी मान पुढे करून वाटीत बघत होत्या आणि "हं" म्हणत होत्या. सहा झाल्यावर फेटलं, भाज्या घातल्या, चीज किसलं. डब्याला तूप लावलं. ओव्हन आधीच तापवून ठेवला होता. झाकण लावलं आणि आम्ही दोघी काचेतून बघत बसलो. कडा आधी फुगल्या, मग मधला भाग हळूहळू वर आला, पालकाच्या ठिपक्यांसकट. मी सुरी घालून बघितली, कोरडी निघाली.

चौकोनी वड्या कापल्या. काकूंनी एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

त्यानंतरचे पाच-सहा रविवार, एकादशी सोडून, आमचे होते. मधल्या दिवसांत मी सकाळी बसच्या आधी खाली जाऊन करून ठेवायला लागले. फक्त गुरुवारी नाही. काकू शब्दकोडं सोडवताना मला विचारायच्या, तुझी आई किती कोंबड्या ठेवते, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवते म्हणजे काय करते, मुंगूस आलं तर. मी सांगायचे. सहा वर्षांत मी एवढं बोलले नव्हते. "बरं, तुला कामं असतील" हे त्या म्हणेनाशा झाल्या. बांगड्या खाली मनगटाकडे आल्या. मेच्या मध्यावर डॉक्टरांनी काटा बघून मान डोलावली.

मी म्हटलं, "काकू, मग आता सांगा ना मुलाला. वजन वाढलं. नाही येत म्हणा."

त्या म्हणाल्या, "त्याने घर बदललंय. नववा मजला सोडून तळमजल्यावर घर घेतलं, न्हाणीत कठडे बसवले. माझ्या त्या एका फोनवरून. आता मला अंडं पचायला लागलंय म्हणून नाही येत, असं सांगू त्याला?"

तो फोन त्यांनी का केला होता, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, हे त्यांचं मोठेपण; की मी स्वतःच काढायची त्या वाट बघत होत्या, हे मला आजही ठरवता येत नाही.

मेअखेरीला मुलगा आला. भला माणूस. सामान फार नव्हतंच. गाडीत बसताना काकू मला म्हणाल्या, "खालची खोली रिकामीच राहणार आहे. तुझ्या आईला बोलाव. राहू दे पंधरा दिवस, महिना. तिला सांग, मी म्हटलंय म्हणून." मग काच वर केली, परत खाली केली. "आणि ओव्हन महिन्यातून एकदा तरी लाव. नाहीतर कॉइल जाते."

मी आईला त्याच संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली, "त्या बाईले सांगजो, लय बरं वाटलं. पण मी आली तं कोंबड्याईले कोण पाहीन?" मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. कोंबड्या ती नातेवाइकांच्या घरी जाताना शेजारी सोपवून जाते, हे मला माहीत आहे.

मी इथेच आहे. घर वापरात राहावं म्हणून मुलाने मला ठेवलं. नवा करार त्याने इंटरनेटवरून घेतलेला, इंग्रजी, छापील. मी सगळा वाचला. सातवं कलम पार्किंगचं आहे. अंड्याचा त्यात कुठेच उल्लेख नाही.

रविवारी मी खालच्या घराच्या खिडक्या उघडते, कुंड्यांना पाणी घालते, आणि ओव्हन लावते. अंडी मावशीच आणून देतात, आता पदराखाली न झाकता. मी पाण्यात सोडते, उजेडासमोर धरते, एकेक वाटीत फोडते. काकूंची खुर्ची त्यांनी सरकवली होती तिथेच आहे, ओव्हनची काच दिसेल अशी. मी उभीच राहते.

कधी कधी काकूंचा फोन येतो. सून उकडून देते म्हणतात, सोलून, मीठ लावून. "खाते. पण ते अंड्यासारखं लागतं," म्हणतात. मग तिकडे कुणीतरी हाक मारतं आणि फोन बंद होतो.

केकचा डबा मोठा आहे. दोन अंड्यांचं केलं तर ते पापडासारखं पातळ होऊन करपतं, म्हणून मी सहाचंच करते. चार तुकडे होतात. एक रविवारी अकराला खाते, आणि उरलेले सोमवार, मंगळवार, बुधवार डब्यात नेते. गुरुवारी नेत नाही. आता विचारणारं कुणी नाही, पण गुरुवारी मी अंडं खात नाही.